डोकेदुखीचा रोजमेळ



व्यापारी घरांत डोके दुखणे हे आजारात मोजले जात नाही. ताप आला तर माणूस अंथरूण धरतो, घरचे काळजी करतात, दुकानावर मुलगा किंवा भाऊ जातो. डोके दुखते म्हणून मात्र कोणी शटर खाली ओढल्याचे ऐकिवात नाही. गल्ल्याच्या खणात सुट्ट्या पैशांशेजारी गोळ्यांची एक पट्टी असते. दुपारी चारच्या सुमारास कपाळ आवळू लागले की तीतील एक गोळी पाण्याबरोबर, आणि गोळीमागोमाग एक चहा, असा क्रम अनेकांचा वर्षानुवर्षे ठरून गेलेला असतो. विरारहून सकाळची लोकल पकडून काळबादेवी, भुलेश्वर किंवा मशीद बंदर गाठणारा व्यापारी असो, की वालीव, सातिवली, गोखिवरे येथील गाळ्यात यंत्रांच्या आवाजात दिवस काढणारा कारखानदार असो, ही पट्टी दोघांपाशीही सापडते. या अंकात त्या पट्टीविषयी आणि ती ज्या दुखण्यासाठी बाळगली जाते त्या दुखण्याविषयी लिहावयाचे आहे. चातुर्मास जवळ आला आहे, आणि पर्युषणातील पहिल्या उपवासाला 'डोके फार धरले' ही तक्रार दरवर्षी कानी येते, हेही एक निमित्त आहे.

या दुखण्याचे वर्णन रुग्ण फार नेमके करतात. डोक्याभोवती कोणी घट्ट फडके बांधले आहे, कपाळावर जड काही ठेवले आहे, मानेपासून कानशिलापर्यंत कोणी ओढून धरले आहे, असे ते सांगतात. ते ठणकत नाही, दाबते. बहुधा दोन्ही बाजूंना असते. चालताना, जिना चढताना वाढत नाही. उलटी होत नाही. अर्ध्या तासात उतरते, किंवा सात दिवसांपर्यंत मंदपणे रेंगाळते. काम अडत नाही, आणि म्हणूनच त्याकडे लक्ष जात नाही. मात्र कामातला रस जातो, आवाज चढतो, नोकरावर, मुलांवर, पत्नीवर उगाच ओरडणे होते. संध्याकाळी घरी आलेल्या माणसाच्या कपाळावरील आठ्या पाहून घरातील लहान मुले आतल्या खोलीत जातात, हा या दुखण्याचा एक परिणाम कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

डॉक्टर याला 'टेन्शन टाइप हेडेक' म्हणतात, आणि येथेच पहिला गैरसमज होतो. आपल्या बोलण्यात 'टेन्शन' म्हणजे काळजी. त्यामुळे हे निदान ऐकताच घरचे म्हणतात, 'बघा, सांगत होतो ना, टेन्शन घेऊ नका.' जणू रुग्णानेच ते हौसेने घेतले आहे! या नावाचा इतिहास थोडा निराळा आहे. १९६२ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका समितीने या प्रकाराला स्नायूंच्या आकुंचनाने होणारी डोकेदुखी असे म्हटले होते. मान आणि टाळूचे स्नायू ताठरतात व त्यामुळे डोके दुखते, इतका सरळ तो विचार होता. पुढे स्नायूंतील विद्युत् हालचाल मोजली गेली, तेव्हा दुखणे आणि आकुंचन यांचा मेळ दरवेळी बसेना. म्हणून १९८८ साली आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने नवे वर्गीकरण केले, तेव्हा 'टाइप' हा शब्द जाणूनबुजून जोडण्यात आला. ताणासारखी वाटणारी डोकेदुखी, एवढाच त्याचा अर्थ. आज समजते ते असे की, मान, कानशील, जबडा आणि खांदे यांच्या स्नायूंत दाबले असता दुखणारे बिंदू असतात. हे दुखणे वारंवार होत राहिले तर मज्जारज्जू आणि मेंदू यांतील वेदना वाहणारी यंत्रणाच हळवी होते, आणि मग पूर्वी जाणवलाही नसता असा साधा ताण वेदना म्हणून नोंदवला जातो. मनाची काळजी हे त्याला चेतवणारे एक कारण आहे, एकमेव नव्हे. तेव्हा 'टेन्शन घेऊ नका' हा उपचार नव्हे, हे प्रथम मान्य करावे.

आपल्या परंपरेने या विषयाकडे दुर्लक्ष केलेले नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगाचे अकरा प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील अर्धावभेदक म्हणजे आपण जिला अर्धशिशी म्हणतो ती. हा भेद आजही सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, बहुधा डोक्याच्या एका बाजूला ठणकते, हालचालीने वाढते, मळमळ किंवा उलटी होते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, आणि माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन पडतो. ताणाच्या डोकेदुखीत माणूस दुकानात बसून राहतो, अर्धशिशीत त्याला बसवत नाही. दोन्ही एकाच व्यक्तीला असू शकतात, आणि त्यांचे औषध एक नाही.

स्त्रियांच्या बाबतीत येथे अन्याय होतो, असे मला स्पष्ट वाटते. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटी-तिपटीने अधिक आढळते. एकत्र कुटुंबातील सुनेचे डोके महिन्यातून तीन-चारदा असे दुखते की तिला उभे राहवत नाही, आणि तरीही सूर्यास्तापूर्वी साऱ्या घराचे जेवण व्हावे म्हणून ती साडेचारपासून ओट्यापाशी असते. 'हिचे रोजचेच आहे' या तीन शब्दांत तो विषय संपतो. तिची डोकेदुखी ताणाची आहे की अर्धशिशी आहे हे कोणी विचारत नाही, आणि विचारले असते तर अर्धशिशीवर आज चांगले उपाय आहेत हे तिला कळले असते. ज्या घरात हा परिच्छेद वाचला जाईल त्या घरातील पुरुषांनी तो मोठ्याने वाचावा.

हे दुखणे किती जणांना असते? आपल्या शेजारच्या कर्नाटकात बंगळुरू शहर आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन २,३२९ प्रौढांची पाहणी करण्यात आली होती. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरात कधी ना कधी डोके दुखलेल्यांचे प्रमाण सुमारे ६४ टक्के होते. ताणाची डोकेदुखी सुमारे ३५ टक्के, तर अर्धशिशी सुमारे २५ टक्के लोकांत आढळली. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस ज्यांचे डोके दुखते असे शंभरात तीन निघाले. संख्या लहान दिसते, परंतु विरारच्या एका भरलेल्या लोकलचा हिशोब केला तर असे कितीतरी लोक त्यात उभे असतील.

पुढे जाण्यापूर्वी जे घरी बसून सोसू नये ते सांगून ठेवतो. क्षणार्धात, एखादा स्फोट व्हावा तशी, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी झाली, तापाबरोबर मान ताठ झाली, बोलणे अडखळले, हात किंवा पाय लुळा पडला, दृष्टी अंधुक झाली, फिट आली किंवा डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे वाढत गेले, तर त्याच घटकेला रुग्णालयात जावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, खोकताना किंवा आडवे होताना वाढणारी, पहाटे झोपेतून उठवणारी, दर आठवड्याला वाढत जाणारी, तसेच गरोदरपणातील नवी डोकेदुखी, यांसाठी डॉक्टरांची भेट लांबवू नये. डोळा लाल होऊन दुखत असेल आणि दिव्याभोवती वलये दिसत असतील, तर नेत्रतज्ज्ञाकडे तातडीने जावे. यांपैकी काही नसेल, डॉक्टरांनी तपासलेले असेल, आणि दुखण्याचे रूप वर सांगितल्याप्रमाणे असेल, तर स्कॅन करण्याची बहुधा गरज नसते. आपल्याकडे दोन टोके दिसतात. एक तर दहा वर्षे कोणालाच दाखवायचे नाही, आणि एके दिवशी घाबरून थेट एमआरआय करायचा. तो निर्दोष निघाला की 'काहीच नाही' म्हणून पुन्हा दहा वर्षे गप्प बसायचे. एमआरआय निर्दोष असणे म्हणजे दुखणे खोटे असणे नव्हे. रक्तदाबाविषयीही असाच एक समज आहे. किंचित वाढलेल्या रक्तदाबाने डोके दुखत नाही. बहुतेकांना वाढलेला रक्तदाब मुळीच जाणवत नाही. म्हणून डोके दुखो वा न दुखो, तो मोजून घ्यावा.

आता कारणांकडे. माणसाचे डोके साडेचार ते पाच किलो वजनाचे असते. ते मानेच्या मणक्यांवर सरळ तोललेले असते तोवर स्नायूंना फारसे श्रम नसतात. ते पुढे झुकले की मागचे स्नायू लगामासारखे ओढून धरावे लागतात. पूर्वी गादीवर मांडी घालून खतावणीत मान घालणारे मुनीमजी असत. आता तीच मान मोबाइलमध्ये आहे, आणि खतावणी निदान रात्री मिटत तरी असे. गाडीत एका हाताने कडी धरून, दुसऱ्या हाताने छातीशी फोन धरून, चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर मान खाली घातलेला प्रवासी पाहा. दुकानात कान आणि खांदा यांच्यात फोन दाबून माल मोजणारा पाहा. रात्री दात आवळून झोपणारा स्वतःला दिसत नाही, परंतु सकाळी त्याचा जबडा आणि कानशिले दुखतात, आणि दंतवैद्याला त्याचे झिजलेले दात दिसतात. चाळिशी उलटली तरी जवळचा चष्मा टाळणारा बिलावरचे आकडे डोळे बारीक करून वाचतो. पहाटे पाचची गाडी आणि रात्री अकराचे जेवण यांच्यामध्ये झोपेचे तास उरत नाहीत. उन्हाळ्यात आपल्या किनारपट्टीवरील दमट हवेत घाम सतत जातो आणि पाणी मात्र दुकानात स्वच्छतागृह नाही म्हणून कमी प्यायले जाते. स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

आणि काळजी असतेच. महिन्याच्या अकरा तारखेला एक विवरणपत्र, वीस तारखेला दुसरे, मार्चअखेरीस सारे एकदम. पण जीएसटीच्या तारखांपेक्षा उधारी अधिक दुखते, असा माझा अनुभव आहे. तारीख येते आणि जाते. अडकलेली रक्कम मात्र रोज सकाळी डोळ्यांपुढे असते, आणि ती कोणाला सांगता येत नाही, कारण बाजारात पत हीच पुंजी. वडील मुलाला सांगत नाहीत, भाऊ भावाला सांगत नाही, पत्नीला तर नाहीच नाही. अशा माणसाचे डोके दुपारी चारला दुखू लागते, आणि तो म्हणतो ऊन लागले. या बाबतीत वैद्यकशास्त्राजवळ गोळी नाही. घरातील एका तरी माणसाला खरा आकडा माहीत असावा, इतकेच मी म्हणेन.

उपवासाचा प्रश्न आपल्या घरांपुरता खास असला, तरी केवळ आपलाच नाही. ज्यू लोक योम किप्पूरच्या दिवशी सुमारे पंचवीस तास अन्नपाणी वर्ज्य करतात. इस्रायलमधील एका रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांचे डोके दुखले, न करणाऱ्यांपैकी ७ टक्के लोकांचे. ज्यांना एरवीही डोकेदुखीचा त्रास होता त्यांना ती अधिक झाली, उपवासाचे तास वाढत गेले तशी वाढत गेली, आणि तिचे रूप जवळजवळ ताणाच्या डोकेदुखीसारखेच होते: दाबणारी, कपाळावर किंवा दोन्ही बाजूंना. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उपवासाच्या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान आहे. निदान आठ तास अन्न न घेतल्यावर ती होते, आणि पारणे केल्यावर ओसरते. म्हणजे पहिल्या उपवासाला डोके धरले तर तो तपाचा दोष नाही आणि मनाचा दुबळेपणाही नाही.

याच्याशी जोडून दुसरे एक कारण असते, आणि ते मात्र आपण स्वतः निर्माण केलेले असते. ते म्हणजे चहा. रोज २०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन दोन आठवडे घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केले तर चोवीस तासांच्या आत डोके दुखू शकते. एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे पाच-सहा कप झाले की ही मर्यादा गाठली जाते. बाजारात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर एकेक कटिंग घेणारा व्यापारी ती सहज गाठतो. चहा बंद केल्यावर हा त्रास बहुधा बारा ते चोवीस तासांत सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो, आणि दोनपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. अठ्ठाई करणारे 'पहिले दोन दिवस कठीण, मग डोके हलके झाले' असे सांगतात त्यात चहाचा वाटा किती आणि उपवासाचा किती हे वेगळे काढणे अवघड, पण चहाचा वाटा कमी करणे आपल्या हाती आहे. पर्युषणाच्या पंधरा दिवस आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करावा. शेवटी सकाळचा एकच उरेल, आणि तो सोडताना विशेष जाणवणार नाही. तिविहार उपवासात उकळलेले पाणी घ्यावयाचे असते; ते तहान लागण्याची वाट न पाहता दिवसभरात थोडे थोडे विभागून घ्यावे, सूर्यास्तापूर्वी एकदम चार पेले नव्हे. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार यांची औषधे चालू असणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. आदल्या दिवशी, पुढे डोके दुखेल या भीतीने, रिकाम्या पोटी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊन ठेवण्याची एक पद्धत काही ठिकाणी दिसते. ती सोडावी. अशा गोळ्या रिकाम्या पोटी जठराला आणि पाणी कमी असताना मूत्रपिंडाला बाधतात.

आता त्या पट्टीकडे येऊ. गोळीने डोके थांबते ही श्रद्धा किती खरी आहे? ताणाच्या डोकेदुखीवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१६ साली घेण्यात आला. पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम घेतल्यावर दोन तासांनी शंभरात २४ जण वेदनामुक्त झाले. औषध नसलेली, केवळ दिसायला तशी गोळी घेतल्यावर १९ जण. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅमचे आकडे २३ आणि १६ असे आहेत. व्यापाऱ्याला हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही. शंभर गोळ्यांमागे खरा नफा पाच ते सातांचा! उरलेल्यांचे श्रेय गोळीसोबत घेतलेल्या पाण्याला, पाच मिनिटांच्या विसाव्याला, आणि वेदना आपोआप ओसरण्याला आहे. म्हणून गोळी निरुपयोगी आहे असे नाही. वेदना कमी होणे हाही लाभच असतो, आणि महिन्यातून दोन-तीनदा घेतलेल्या पॅरासिटामॉलला माझी हरकत नाही. प्रौढाने चोवीस तासांत चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि सर्दीच्या गोळीतही तेच औषध असते हे विसरू नये. यकृताचा विकार असल्यास ही मर्यादाही डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

हरकत आहे ती रोजच्या गोळीला. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस, किंवा दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळ्या महिन्यातून दहा दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घडले, तर गोळीच डोकेदुखीचे कारण होऊन बसते. सकाळी डोके जड असते, गोळीने दोन तास बरे वाटते, परिणाम ओसरला की पुन्हा दुखते, पुन्हा गोळी. व्याज फेडण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्याची जी गत होते तीच येथे होते. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या काही प्रचलित डोकेदुखीच्या गोळ्यांत कॅफिनही असते. म्हणजे चहा सोडलेल्या माणसाच्या पोटातही ते जात राहते. यातून सुटका होते, पण ती सहजासहजी होत नाही. साध्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केल्यावर दोन ते दहा दिवस डोके पूर्वीपेक्षा अधिक दुखते, आणि त्यानंतर बहुतेकांना उतार पडतो. हे दहा दिवस मार्चअखेरीस किंवा दिवाळीच्या गर्दीत येणार नाहीत असे पाहावे, आणि घरच्यांना सांगून ठेवावे. झोपेची किंवा अफूवर्गातील औषधे चालू असतील तर ती स्वतःहून मुळीच बंद करू नयेत.

कपाळाला लेप लावण्याची आपली जुनी रीत मात्र मी मोडीत काढणार नाही. आले वर्ज्य असणाऱ्या अनेक घरांतही सुंठ चालते, आणि तिचा लेप घातलेली आजी सर्वांनी पाहिलेली आहे. मुंबईत १८९३ साली काशिनाधुनी नागेश्वर राव यांनी अमृतांजन तयार केले. त्या पिवळ्या बाटलीचा महिमा एवढा वाढला की बोरघाटातील १८३० सालचा पूल जवळच्या जाहिरात-फलकामुळे अमृतांजन पूल म्हणूनच ओळखला जाऊ लागला, आणि एप्रिल २०२० मध्ये तो पाडला गेला तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. जर्मनीतील एका लहान अभ्यासात, १९९६ साली, कपाळाला व कानशिलांना लावलेले दहा टक्के पेपरमिंट तेलाचे द्रावण पॅरासिटामॉलच्या बरोबरीचे ठरले होते. अभ्यास लहान आहे, पण लेपाने मूत्रपिंड बिघडत नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ लावू नये, एवढे पथ्य पुरे.

तथापि माझ्या मते या दुखण्यावरील पहिले औषध म्हणजे एक वही. ज्याला रोजमेळ लिहिण्याची सवय आहे त्याला डोकेदुखीचा रोजमेळ लिहिणे जड जाऊ नये. तारीख, दुखणे सुरू झाल्याची वेळ, किती वेळ टिकले, शून्य ते दहामध्ये किती होते, आदल्या रात्रीची झोप, जेवणाच्या वेळा, चहाचे कप, आणि घेतलेली प्रत्येक गोळी. स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवसही लिहावेत. हे आठ आठवडे लिहावे. गोळ्यांची बेरीज पाहून माणूस स्वतःच चकित होतो. 'कधीमधी घेतो' म्हणणाऱ्याच्या वहीत महिन्याला अठरा दिवस निघतात. कोणाच्या वहीत अकरा आणि वीस तारखा ठळक उठून दिसतात, कोणाच्या वहीत फक्त रविवार, कारण रविवारी तो दहापर्यंत झोपतो आणि सकाळचा चहा चुकतो. महिन्यातून एका दिवसाहून कमी वेळा दुखत असेल तर काळजी करू नये. एक ते चौदा दिवस असेल तर राहणीत बदल करावा. पंधरा किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ, असेल तर ही जुनाट डोकेदुखी होय, आणि तिला डॉक्टरांच्या देखरेखीची आवश्यकता आहे.

राहणीतील बदल कंटाळवाणे वाटतील इतके साधे आहेत. रोज अर्धा तास भरभर चालणे. सुरुची किनारा किंवा अर्नाळा जवळ असणाऱ्यांना सबब उरत नाही. दर पाऊण तासाने गादीवरून उठावे, दोन्ही खांदे कानांपर्यंत उचलून पाच आकडे मोजेपर्यंत धरावेत आणि सोडावेत. हनुवटी आत ओढून मान लांब करावी. असे सात-आठ वेळा. फोन कानाला दाबण्याऐवजी तार लावून बोलावे. झोपण्याची आणि उठण्याची वेळ रविवारीही तीच ठेवावी. चौविहार करणाऱ्यांनी दुपारचे जेवण चुकवून थेट सूर्यास्ताआधी जेवण्याची सवय लावून घेऊ नये. सकाळी नऊनंतर एकदम संध्याकाळी साडेपाचला जेवणाऱ्याचे दुपारचे डोके बहुधा भुकेचे असते.

स्नायू जाणीवपूर्वक आवळून मग सोडून देण्याची एक पद्धत शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली आपल्या ग्रंथात मांडली, आणि ताणाच्या डोकेदुखीत ती आजही शिकवली जाते. पायाच्या अंगठ्यापासून भुवयांपर्यंत एकेक भाग शिथिल करीत जाणे हे आपल्यापैकी अनेकांना कायोत्सर्गामुळे अपरिचित नाही. कायोत्सर्ग हा आत्म्यासाठी आहे, डोकेदुखीसाठी नव्हे, आणि त्याला गोळीच्या पंक्तीला बसवणे मला रुचत नाही. परंतु जो सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे बसतो, आणि तेवढा वेळ खरोखरच फोन दूर ठेवतो, त्याच्या मानेला आणि जबड्याला विश्रांती मिळते हे नाकारण्याचेही कारण नाही.

जुनाट डोकेदुखीत डॉक्टर अॅमिट्रिप्टिलिन नावाचे औषध अल्प मात्रेत, बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरू करून, देतात. चिठ्ठीवर हे नाव वाचून कोणी शोधाशोध करतो, ते नैराश्याचे औषध आहे असे कळते, आणि 'मला वेडा ठरवले' म्हणून चिठ्ठी फाडली जाते. येथे ते वेदना वाहणाऱ्या यंत्रणेचा हळवेपणा कमी करण्यासाठी असते, आणि मात्राही नैराश्यातील मात्रेपेक्षा पुष्कळ कमी असते. ओहायो येथे केनेथ होलरॉइड आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर केलेली चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. डोकेदुखी निम्म्याने किंवा अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण केवळ या वर्गातील औषधाने ३८ टक्के, केवळ ताण हाताळण्याच्या प्रशिक्षणाने ३५ टक्के, नुसत्या दिसायला तशा गोळीने २९ टक्के, आणि औषध व प्रशिक्षण दोन्ही मिळून ६४ टक्के होते. औषध घेऊन बाकी सारे तसेच चालू ठेवणाऱ्याने, किंवा औषध नकोच म्हणून केवळ चालत सुटणाऱ्याने, हे आकडे पुन्हा एकदा पाहावेत.

हे औषध रात्री घ्यावयाचे असते, कारण त्याने झोप येते. चौविहार पाळणारे अनेकजण संकोचाने हे डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि औषध घरी नेऊन तसेच ठेवतात किंवा मनाने सकाळी घेतात, मग दुकानात पेंगतात. संकोच सोडावा. सूर्यास्तापूर्वी घेतले तर चालेल का, मात्रा कमी ठेवता येईल का, हे डॉक्टर ठरवू शकतात, मात्र त्यांना व्रत माहीत असले पाहिजे. आणखी एक गोष्ट सांगावी. या औषधाने तोंड कोरडे पडते, आणि ज्याला रात्री पाणी घ्यावयाचे नाही त्याला ते इतरांपेक्षा अधिक जाचते. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ किंवा हृदयाचा विकार असेल तर तेही आधी सांगावे. औषध कॅप्सूलच्या रूपात असेल तर तिचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. तेव्हा तेच औषध गोळीच्या रूपात मिळेल का, असे विचारण्यात काहीच गैर नाही. भेटीला जाताना डोकेदुखीची वही आणि घरात असलेल्या सर्व पट्ट्या, गल्ल्यातल्यासुद्धा, पिशवीत घालून घेऊन जाव्यात.